मातीचा ओलावा मोजायला मुलांना शिकवताना: आधी वजनकाटा, मग सेन्सर

सांगली-साताऱ्याकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत ‘आपोआप पाणी देणारी बाग’ हे मॉडेल हमखास दिसतं. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. पण शेजारी उभ्या मुलाला विचारा, “पडद्यावर ६२ टक्के दिसतंय, ते नेमके कशाचे ६२ टक्के?” बहुतेक वेळा उत्तर येत नाही. यात मुलाचा दोष नाही. व्हिडिओ बघून सेन्सर जोडला, तयार प्रोग्राम चढवला, आकडा दिसला, आणि काम झालं असं त्याला वाटलं. सेन्सर फक्त आकडा देतो. त्या आकड्याचा मातीतल्या पाण्याशी मेळ मुलांनी आपल्या हातानं घातला, तरच ते मोजमाप होतं.

म्हणून इथे क्रम उलटा आहे: माती, वजनकाटा, दोन खिळे, मग संगणक आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. सहावी ते नववीची मुलं, चौघांत एक संच, दीड-दीड तासाच्या सहा बैठका असा हिशोब धरा. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. सेन्सर पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला, तर माती हातात घ्यायला कुणी तयार होत नाही.

तयारी: मुलं येण्याआधी करायची कामं

माती एकाच शेतातून, एकाच जागेवरून घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ ते २० सेंटीमीटर खोलीवरची सुमारे ४ किलो माती पुरते. द्राक्षबागेतली घेणार असाल तर आधी फवारणीची तारीख विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या लागोपाठ चालतात. त्या काळात बागेतली माती मुलांच्या हातात देऊ नका. उसाच्या किंवा हळदीच्या रानातली, नाहीतर शाळेच्या आवारातली चालेल. माती कुठलीही असो, काम झालं की साबणानं हात धुवायचे.

माती दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरा, ढेकळं फोडा आणि गहू चाळायच्या चाळणीनं चाळून घ्या. पिठाची चाळण नको, तिच्यातून फक्त धूळ खाली येते.

बाकी सामान असं:

- १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- घट्ट झाकणाचे, एकाच मापाचे ५०० मिलिलिटरचे पाच उभट डबे
- लोखंडी कढई, उलथनं आणि मंद करता येईल अशी शेगडी
- मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज किंवा मोजपात्र
- ३ इंची दोन खिळे आणि ते घट्ट बसतील असा लाकडाचा तुकडा
- साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, रोध मोजायचं यंत्र)
- आर्डुइनो उनो (सेन्सर वाचणारा, प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड) किंवा त्याच धर्तीचा बोर्ड, त्याची यूएसबी केबल आणि तीन जोडतारा
- कपॅसिटिव्ह प्रकारचा ओलावा सेन्सर
- आलेख कागद

सेन्सर घेताना नीट बघा. दुकानात दोन प्रकार मिळतात. एकाला काट्यासारखे दोन उघडे दात असतात. दुसरा सपाट पट्टीसारखा असतो आणि त्याच्यावर धातू उघडा दिसत नाही. पहिला स्वस्त, म्हणून तोच जास्त खपतो. पण त्याच्या दातांमधून मातीत वीज वाहते आणि ओल्या मातीत सतत चालू राहिला तर दात गंजून झिजतात. दुसरा, म्हणजे कपॅसिटिव्ह, घ्या. पहिल्याचं तत्त्व दोन खिळ्यांनीही शिकवता येतं.

*खबरदारी:* सगळं काम सेलवर किंवा संगणकाच्या यूएसबीवर. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी, शेतपंपाच्या पेटीशी किंवा मोबाइलच्या काढलेल्या बॅटरीशी या प्रयोगाचा संबंध येता कामा नये.

पायरी १: वाफसा कसा ओळखतात, हे घरी विचारून येणं

वाफसा म्हणजे रान ना फार ओलं ना फार कोरडं, मशागतीला योग्य अशी स्थिती. पहिल्या बैठकीच्या आधी मुलांना एकच काम द्या. घरात किंवा शेजारी शेती करणाऱ्या आजोबांना, काकूंना विचारायचं: रान वाफशावर आलं हे तुम्ही कशावरून ओळखता? कुणी मुठीत माती दाबून लाडू होतो का बघतं, कुणी तो लाडू कमरेच्या उंचीवरून टाकून फुटतो कसा ते बघतं, कुणी पायाला किती चिकटते यावर सांगतं. उत्तरं जशीच्या तशी वहीत लिहायची.

या साऱ्या कामाचा शेवट इथेच यायचा आहे: आपल्या रानातला वाफसा म्हणजे किती टक्के ओलावा आणि आपल्या सेन्सरवर किती आकडा. ‘कोरडी’ आणि ‘ओली’ असे दोनच कप्पे ठेवले तर शेतीच्या कामाचा नेमका मधला भाग सुटतो.

पायरी २: वजनावरून ओलावा काढणं

रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. शेतातून नुकतीच आणलेली साधारण १२० ग्रॅम माती तिच्यात मोजा आणि आकडा लिहा. माती कढईत मंद आचेवर घालून सतत हलवत पंधरा-वीस मिनिटं तापवा. शेगडीपाशी मोठ्या माणसानंच उभं राहायचं. मुलं वेळ आणि वजन लिहितील. माती झाकून गार होऊ द्या, वजन घ्या, पुन्हा पाच मिनिटं तापवा, पुन्हा वजन घ्या. लागोपाठच्या दोन वजनांत १ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसेल तर माती वाळली.

प्रयोगशाळेत हेच काम १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास ठेवून करतात. कढईत तेवढा नेमकेपणा येत नाही, पण शाळेच्या कामाला पुरतो. धूर निघाला किंवा जळका वास आला तर आच जास्त आहे. पाण्याबरोबर मातीतला कुजलेला पालाही जळतोय आणि वजन खोटं उतरतंय.

ओलावा = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ कोरडं वजन × १००

ओली माती १२० ग्रॅम आणि कोरडी १०० ग्रॅम भरली, तर ओलावा २० टक्के.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, भागाकार ओल्या वजनानं करणं. मग २० ऐवजी १६.७ येतात आणि पुढचा सगळा आलेख सरकतो. दुसरी, वाटीचं वजन वजा करायचं विसरणं. तिसरी, गरम माती काट्यावर ठेवणं. उष्णतेनं काट्याचं वाचन हलतं. आणखी एक गोष्ट: उन्हात वाळवलेली काळी माती हाताला खडखडीत लागली तरी तिच्यात थोडं पाणी उरलेलं असतंच. म्हणून ‘कोरडी’ म्हणायची ती कढईतलीच.

*तपासणी:* एकाच मातीचे दोन नमुने दोन मुलांना वेगवेगळे द्या. उत्तरांत २ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुढे जाऊ नका, पुन्हा करा.

पायरी ३: ठरावीक ओलाव्याचे डबे भरणं

चाळलेली माती अर्धा-अर्धा किलोच्या घाण्यांत कढईत वाळवून घ्या. हे काम शिक्षकांनी आदल्या दिवशी उरकलेलं बरं. गार झालेल्या कोरड्या मातीचे ४०० ग्रॅमचे चार वाटे करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात ४० मिलिलिटर, तिसऱ्यात ८० आणि चौथ्यात १२० मिलिलिटर पाणी घाला. पाण्याचं १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम, म्हणून हे डबे ०, १०, २० आणि ३० टक्क्यांचे झाले. टक्केवारी मुलांनाच काढू द्या.

पाणी एकदम ओतू नका. माती परातीत पसरून सिरिंजनं थोडं थोडं शिंपडा, हातानं चोळत मिसळा, डब्यात भरून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. ही रात्र फार महत्त्वाची. काळ्या मातीत पाणी सावकाश पसरतं; लगेच मोजलं तर एका ठिकाणी चिखल आणि दुसरीकडे कोरडी गुठळी सापडते. झाकण लावल्यावर डब्याचं वजन बाहेर लिहून ठेवा. सकाळी ते २-३ ग्रॅमहून जास्त उतरलं असेल तर झाकण सैल आहे.

पाचवा डबा गुप्त. तो शिक्षकांनी एकट्यानं भरायचा: ४०० ग्रॅम कोरडी माती आणि ६० मिलिलिटर पाणी. आकडा कुणाला सांगायचा नाही.

पायरी ४: दोन खिळे आणि चमचाभर मीठ

लाकडाच्या तुकड्यातून दोन्ही खिळे ३ सेंटीमीटर अंतरावर आरपार ठोका, म्हणजे प्रत्येक वेळी अंतर आणि खोली सारखी राहील. मल्टिमीटर रोध (विजेला होणारा अडथळा) मोजायच्या जागी फिरवा, २०० किलोओहमपासून सुरुवात करा. पडद्याच्या डाव्या कडेला नुसता १ दिसला तर रोध त्या पट्ट्यापेक्षा मोठा आहे. पुढचा मोठा पट्टा घ्या. कोरड्या डब्यात सगळ्यात मोठ्या पट्ट्यावरही १ राहिला तर तेच उत्तर समजा.

आकडा स्थिर राहणार नाही, हळूहळू सरकत जाईल. मीटर बिघडलाय असं मुलं म्हणतील. वीज वाहायला लागली की खिळ्यांच्या पृष्ठभागापाशी रासायनिक क्रिया सुरू होते आणि रोध बदलत जातो. म्हणून नियम करा: खिळे रोवल्यापासून मोजून पाच सेकंदांनी वाचायचं, मग मीटरच्या तारांची अदलाबदल करून पुन्हा वाचायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. ओलावा वाढेल तसा रोध घटताना दिसेल.

आता या मार्गदर्शकातला सगळ्यात मोलाचा प्रयोग. कोरड्या मातीचे २००-२०० ग्रॅमचे दोन वाटे घ्या. एकात ४० मिलिलिटर साधं पाणी घाला. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून घाला. दोन्ही तासभर झाकून ठेवा. पाणी दोन्हींत सारखं, २० टक्के. तरी मिठाच्या मातीत रोध खूपच कमी भरतो. नुसत्या खिळ्यांवर विश्वास ठेवणारा म्हणेल, ही माती कितीतरी जास्त ओली आहे.

कृष्णाकाठच्या मुलांना हे पुस्तकी राहत नाही. वाळवा, पलूस, मिरज या भागांत क्षारपड झालेली रानं त्यांनी पाहिलेली असतात. अशा रानात उघड्या दातांचा सेन्सर लावून पाणी सोडलं, तर माती कोरडी असतानाही सेन्सर ‘ओली आहे’ असंच सांगत राहील. घरी जमीन आरोग्य पत्रिका असेल तर मुलांना आणायला सांगा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेच्या पत्रिकेत मातीच्या १२ बाबी असतात आणि त्यांत विद्युत वाहकता आहे. पत्रिकेतली ती ओळ आणि आत्ता केलेला प्रयोग एकच गोष्ट सांगतात, हे मुलांना स्वतः शोधू द्या. आपण आधी बोलून टाकू नका. कपॅसिटिव्ह सेन्सरवर क्षारांचा परिणाम कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

पायरी ५: आता संगणक

ज्या मुलांनी कधी सेल आणि दिवा जोडलेला नाही, त्यांना आधी खराखुरा सेल, दिवा आणि तार द्या. टाकाऊ वस्तूंतून करायच्या अशा कित्येक गोष्टी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठीतही. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संचातला परिपथ जोडणीचा भाग उघडा. ९ व्होल्टचा सेल आणि १० ओहमचा रोध जोडला की ०.९ अँपिअर, रोध २० केला की ०.४५. मग दोन सारखे रोध एकापुढे एक जोडून प्रत्येकावर किती व्होल्ट पडतात ते बघायचं. फेटचे प्रयोग आधी उतरवून ठेवता येतात, त्यामुळे शाळेत इंटरनेट नसलं तरी अडत नाही. वर्गात रेंज मिळण्यावर बैठक अवलंबून ठेवू नका.

पुढचं काम ‘टिंकरकॅड’ या पडद्यावरच परिपथ जोडायच्या संकेतस्थळावर, त्याला मात्र इंटरनेट लागतं. शिक्षकांनी आपल्या खात्यातून वर्ग तयार करावा. मुलं वर्गाचा संकेतांक आणि टोपणनाव टाकून आत येतात, मुलांच्या ईमेलची गरज पडत नाही. पालकांच्या नावावर घाईघाईत खाती उघडण्याचा घोळ त्यामुळे टळतो.

पडद्यावर आर्डुइनो उनो आणि एक पोटेन्शिओमीटर (मूठ फिरवून व्होल्ट कमी-जास्त करायचा भाग) घ्या. त्याचे कडेचे दोन पाय ५ व्होल्ट आणि जीएनडीला (शून्य व्होल्टची पिन), मधला पाय ए-० ला (व्होल्ट वाचणारी पिन). ठोकळे जोडून प्रोग्राम करा: दर सेकंदाला ए-० वाचायचा आणि आकडा दाखवायचा. मूठ एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १०२३ आणि मध्यावर साधारण ५१२ यायला हवेत. बोर्ड ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणून हे आकडे. आकडा म्हणजे व्होल्ट, ओलावा नव्हे, एवढं इथे पक्कं झालं तर पुढची निम्मी गडबड वाचते.

पायरी ६: बोर्ड आणि सेन्सर जोडणं

सेन्सरची व्हीसीसी (वीज घेणारी) तार ५ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला आणि सिग्नलची तार ए-० ला. प्रोग्राम तोच, फक्त एकाऐवजी लागोपाठ दहा वाचनं घेऊन सरासरी दाखवायची.

काम अडतं ते बहुतेक या जागांवर:

- संगणकाला बोर्ड दिसत नाही. केबल फक्त चार्जिंगची असेल, तिच्यातून माहिती जात नाही. दुसरी लावून बघा. स्वस्त बोर्डांवर सीएच-३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. हे आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर करून ठेवा.
- पडद्यावर अगम्य चिन्हं येतात. प्रोग्राममधला वेग आणि सिरियल मॉनिटरचा (संगणकावर बोर्डचे आकडे दाखवणारी खिडकी) वेग जुळत नाही. दोन्हीकडे ९६०० ठेवा.
- आकडे उगाच नाचतात. ए-० ची तार सुटली आहे. मुद्दाम तार काढून मुलांना हा नाच एकदा दाखवा, म्हणजे पुढे ती स्वतःच ओळखतील.
- माती ओली केली की आकडा वाढण्याऐवजी उतरतो. हा बिघाड नाही. या प्रकारच्या सेन्सरमध्ये कोरड्यात मोठा आकडा आणि ओल्यात लहान आकडा येतो.

सेन्सरवर एक आडवी रेघ असते. तिच्या वरच्या भागात उघडे सुटे भाग आहेत. तो भाग मातीत किंवा पाण्यात जाऊ द्यायचा नाही. पट्टीच्या कापलेल्या कडांतूनही हळूहळू पाणी शिरतं, म्हणून कडांना नेलपॉलिशचे दोन हात देऊन रात्रभर वाळवा.

*तपासणी:* सेन्सर रेघेपर्यंत पाण्याच्या पेल्यात बुडवा. आकडा एक-दोन सेकंदांत खाली उतरून स्थिरावला पाहिजे. मिनिटभर घरंगळत राहिला तर सेन्सर सदोष आहे, तो बाजूला ठेवा.

पायरी ७: आकडा आणि ओलावा यांचा आलेख

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण व्हिडिओंत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. हवेतला आकडा म्हणजे ० टक्के, पाण्यातला म्हणजे १०० टक्के, आणि मधलं सगळं प्रोग्राम सरळ वाटून देतो. त्यातून येणारी टक्केवारी मातीची नसतेच. हवा म्हणजे कोरडी माती नव्हे, आणि पेलाभर पाणी म्हणजे भिजलेलं रानही नव्हे.

चारही डब्यांतली माती मोकळी करून पुन्हा भरा आणि प्रत्येक डबा टेबलावर सारखाच वीस वेळा आपटा. मातीचा दाब सारखा ठेवायचा, कारण सेन्सरच्या पट्टीला चिकटून हवा राहिली तर ओली मातीही कोरडी दिसते. पट्टी सरळ रेघेपर्यंत रोवा, हलवू नका, तीस सेकंद थांबा, आकडा लिहा. काढा, पुसा, त्याच डब्यात दुसऱ्या जागी रोवा. अशी तीन वाचनं घ्या आणि मधलं वाचन धरा. एखादं वाचन बाकी दोघांपासून फार दूर असेल तर तिथे पोकळी होती, माती दाबून पुन्हा घ्या.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर ओलावा, उभ्या अक्षावर आकडा. चारही बिंदू सरळ रेषेत येतीलच असं नाही. पट्टी लावून टोकाचे दोन बिंदू जोडायचा मोह मुलांना होतो; त्यांना शेजारशेजारचे बिंदू जोडू द्या. समजा, १० टक्क्यांवर ५०० आणि २० टक्क्यांवर ४१० आले. आता वाचन ४५५ असेल तर ते दोन्हींच्या बरोबर मध्ये, म्हणजे १५ टक्के.

मग गुप्त डबा काढा. प्रत्येक गटानं सेन्सर लावून, आलेख बघून ओलावा सांगायचा आणि त्यानंतरच त्याच डब्यातली १०० ग्रॅम माती कढईत वाळवून बघायची. ३ टक्क्यांच्या आत फरक असेल तर आलेख वापरायला हरकत नाही. उत्तर पार चुकलं तर माती भरण्यातली चूक आधी शोधा. प्रोग्राममध्ये क्वचितच असते.

हा आलेख फक्त या मातीचा आणि फक्त या सेन्सरचा. जत-आटपाडीकडची माळाची मुरमाड माती आणली तर डबे नव्यानं भरायचे. सेन्सर बदलला तरी तेच. सेन्सरवर तेलखडूनं क्रमांक घाला आणि तोच आलेखावर लिहा, नाहीतर कुठल्या सेन्सरचा कुठला कागद ते आठवडाभरात कळेनासं होतं.

पायरी ८: रानात

ठिबक असेल तर ड्रिपरपासून १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर खुरप्यानं हातभर रुंद खड्डा करा. वरून पट्टी खुपसू नका; खड्ड्याच्या उभ्या भिंतीत, २० सेंटीमीटर खोलीवर, आडवी रोवा. काळ्या रानात भेगा टाळा, कारण भेगेत पट्टी गेली तर ती हवाच मोजते. पट्टीचा वरचा भाग खड्ड्यात मोकळा राहतो, तिथे पाणी येणार नाही याची काळजी घ्या. पाणी दिल्यादिल्या मोजू नका. भारी जमिनीत पाणी खाली मुरायला दोन दिवस लागू शकतात.

बोर्ड लॅपटॉपवर चालवणं सोपं. पॉवर बँक वापरायची तर आधी शाळेत अर्धा तास चालवून बघा, कारण बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की काही पॉवर बँक ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून बंद पडतात.

वाचनाच्या जागेशेजारची १०० ग्रॅम माती झाकणाच्या डब्यात घ्या आणि शाळेत वाळवून ओलावा काढा. ज्या दिवशी घरचे म्हणतील “आज रान वाफशावर आहे”, त्या दिवशी तर हे नक्की करायचं. तो बिंदू आलेखावर वेगळ्या रंगानं मांडा. दोन घरांचे वाफशाचे बिंदू वेगळे पडले तर खोडू नका. माती वेगळी आहे का, पीक वेगळं आहे का, की अंदाज वेगळा, हे मुलांना शोधायला लावा.

पंप जोडायचाच असेल तर

प्रदर्शनासाठी ५ व्होल्टचा छोटा पंप चालतो, पण तो बोर्डच्या पिनेवरून थेट चालवू नका. पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घेणं सुरक्षित. पंपाला त्याच्या कितीतरी पट लागते आणि पिन जळते. मध्ये रिले मॉड्यूल (बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि पंपाला वेगळा सेल-संच द्या. सुरू आणि बंद करायचे आकडे वेगळे ठेवा: समजा, १५ टक्क्यांखाली सुरू आणि २२ टक्क्यांवर बंद. दोन्हीला एकच आकडा दिला तर त्या सीमेवर रिले सारखी टकटक करत राहते.

प्रदर्शनाच्या टेबलावर पंपाशेजारी वजनकाटा, पाचही डबे आणि हातानं काढलेला आलेख मांडा. परीक्षकांना गुप्त डबा निवडू द्या. काम संपल्यावर सेन्सर पुसून, कोरडा करून, क्रमांकाच्या आलेखासोबत पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी वापरण्याआधी किमान एका डब्यावर तपासून घ्या. कडांतून पाणी शिरलेलं असेल तर जुना आलेख चालत नाही.